वाळलेलं सीलंट सोलायचं कसं: सायकलवरून, हातावरून, केसांतून

सीलंटने, म्हणजे पंक्चर आतून बुजवायला टायरमध्ये भरतात त्या द्रवाने, माखलेली सायकल दुकानात आली की मी आधी एखाद्या जाड डागावर नख घालून बघते. थर उचलला गेला, ताणला गेला आणि सोडल्यावर परत आखडला, तर तो रबराचा चीक. नखाखाली नुसता भुगा किंवा चिकट लगदा आला आणि ओल्या बोटाने चोळल्यावर सैल पडला, तर ते ग्लायकॉलचं सीलंट. दोन्हींची सफाई अगदी वेगळी आहे. हे न तपासता लोक थेट रॉकेलचा डबा उघडतात. मग रंग निस्तेज होतो, ब्रेक लागेनासे होतात, हाताची कातडी फाटते, आणि सीलंट बरंचसं जागेवरच असतं.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान साताऱ्यात आहे. इथे ट्यूबलेस टायर आणि सीलंट ही हौस नाही. माण-खटावच्या बाजूने येणारं टायर उघडलं की आतून सराटे आणि बाभळीचे काटे टोकं वर काढून बसलेले दिसतात. साध्या ट्यूबवर त्या भागात सायकल चालवायची म्हणजे पंक्चरचं सामान हातातच धरायचं. सीलंट हवंच. त्यामुळे ते उडणार, सांडणार, वाळणार, हेही आलंच.

माझं माहेर दोडामार्गचं. तिथे रबराच्या बागा आहेत, त्यामुळे हा चीक मी सायकलींच्या कितीतरी आधीपासून ओळखते. झाडाच्या सालीला पहाटे तिरकी चीर देतात, चीक वाटीत उतरतो. तो पातळ ठेवायचा असेल तर त्यात अमोनिया घालतात. साकळवून त्याचं शीट करायचं असेल तर फॉर्मिक अ‍ॅसिड घालतात. सायकलच्या बहुतेक सीलंटमध्ये हाच चीक असतो. तो बाटलीत गोठू नये म्हणून बऱ्याच कंपन्या अमोनिया वापरतात, शिवाय प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि भोक बुजायला मदत करणारे बारीक कण असतात. हवा लागली की पाणी आणि अमोनिया उडून जातात, रबराचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळतात आणि अखंड पापुद्रा तयार होतो. एकदा तो तयार झाला की पाण्यात परत विरघळत नाही. साबणाने नाही, भांड्याच्या लिक्विडने नाही.

म्हणून त्याला विरघळवायच्या मागे लागू नका. त्याला सोला. सगळी सफाई या एका गोष्टीवर उभी आहे.

ओलं असताना

रस्त्यात टायर फुसफुसलं आणि दुधाळ थेंब फ्रेमवर, पोटऱ्यांवर उडाले, तर बाटलीतलं पाणी तिथेच ओता. पांढरं दिसतंय तोवर ते पाण्याने निघतं. लिंबू, व्हिनेगर लावू नका, आम्लाने चीक जागच्या जागी साकळतो. खिशातलं हँड सॅनिटायझरही नको, अल्कोहोलनेही ओला चीक गोठतो.

सगळ्यात वाईट अवस्था मधली. कडेने थर पारदर्शक झालाय आणि मध्ये अजून दूध आहे, तेव्हा पुसायला गेलात की लांबच लांब तारा सुटतात आणि डाग दुप्पट जागेत पसरतो. अशा वेळी पाणी नसेल तर हात बांधून बसा. एप्रिल-मेच्या उन्हात पातळ थेंब बघता बघता वाळतो. पावसाळ्यात जाड थराला रात्रभर द्यावी लागते. घाई असली तरी अर्धवट वाळलेल्या चिकाला मी हात लावत नाही.

फ्रेमवरचं

आधी चिखल आणि धूळ पाण्याने धुऊन घ्या आणि सायकल कोरडी होऊ द्या. ही पायरी गाळली तर चोळताना वाळूचे कण रंगावर ओरखडे काढतात, आणि मग सीलंट निघतं पण ओरखडे राहतात.

सगळ्यात जाड थेंब शोधा. त्याच्या कडेवर अंगठ्याचा मऊ भाग टेकवा आणि कडेकडून मध्याकडे दाबत चोळा. नखाची गरज फक्त पहिली कड उचलायला. कड सुटली की थर गुंडाळला जातो आणि त्याची बारीक वळी होते. ती वळी फेकू नका. पुढच्या डागाची वळी तिच्यात मिसळा, त्यात आणखी एक. थोड्या वेळात सुपारीएवढा रबराचा गोळा होईल. आता बोटांऐवजी हा गोळा डागावर दाबून घरंगळवा, दाबून झटक्यात उचला. रबराला रबर जितकं घट्ट धरतं तितकं ते रंगाला धरत नाही, त्यामुळे बारीक शिंतोडे गोळ्याबरोबर उचलले जातात. सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मागे आणि चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) आत जे धुरळ्यासारखे बारीक ठिपके बसतात, जिथे बोट नीट पोचत नाही, तिथे याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलेलं नाही. माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराला मी पहिल्यांदा हेच शिकवते. तो गोळा एका डबीत जपून ठेवतो. मळका झाला की टाकायचा, कारण त्यात वाळू अडकलेली असते.

गोळ्याने जे हलत नाही त्याला वाफारा द्या. जाड सुती फडकं गरम पाण्यात बुडवा, त्या पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका, फडकं पिळा आणि डागावर गुंडाळून ठेवा. हाताला सोसेल इतकंच पाणी गरम हवं. १० मिनिटांनी फडकं काढलंत की पारदर्शक झालेला थर परत दुधाळ दिसेल. त्याने पाणी शोषलेलं असतं, आणि त्यामुळे रंगावरची त्याची पकड ढिली झालेली असते. हीच वेळ. आता जुन्या एटीएम कार्डाची कड, प्लॅस्टिकचा टायर लिव्हर (टायर उचकायची पट्टी) किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी जवळजवळ आडवी धरून थराखाली सरकवा. ब्लेड नको, स्क्रू-ड्रायव्हर नको, भांड्याची तारेची घासणी तर अजिबातच नको. कार्बन फ्रेमवर धातूचं काहीही टेकवायचं नाही.

स्टिकरवरचं सीलंट काढताना स्टिकरच्या कडेशी जपून, नाहीतर पापुद्र्याबरोबर स्टिकरची कड उठते. मॅट रंगाच्या फ्रेमवर तर आणखी जपून. तिथे जोरात चोळलं की तेवढीच जागा चकचकीत होते आणि तो डाग मग कायमचा. मॅटवर मी चोळतच नाही. वाफारा, गोळा, परत वाफारा, एवढंच. वेळ लागतो, लागू द्यावा.

थर गेल्यावर कधी कधी धुरकट छाया उरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घ्या आणि पुसा. अल्कोहोलने रबर विरघळत नाही, पण उरलेला चिकटपणा आणि ग्लायकॉलचा ओशटपणा निघतो. फॅक्टरीतून रंगलेल्या फ्रेमला ते सहसा सोसतं. गल्लीत परत रंग मारून घेतलेली सायकल असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा दांडा फिरतो त्या जागेच्या) खाली, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी आधी पुसून बघा. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा.

रॉकेल, पेट्रोल, थिनर

वाळलेल्या रबराला पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाइन, डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे आणि संत्र्याच्या सालीच्या तेलाचे डीग्रीसर फुगवतात आणि मऊ करतात, हे खरं आहे. पण सायकलवर रबर फक्त सीलंटचंच नसतं. टायर रबराचं, ब्रेकच्या हुडांवर (हँडलवर हात टेकतो त्या भागांवर) रबर, फोर्कच्या आत रबरी सील, ग्रिप रबराची. जे सीलंटला फुगवतं ते यांनाही फुगवतं.

पेट्रोल आणि थिनर मी दुकानात सफाईला वापरूच देत नाही. आगीचा धोका एकीकडे, आणि थिनर रंगही घेऊन जातो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन प्लॅस्टिकच्या भागांना तडे पाडतं, कार्बनच्या वरच्या लेपाला निस्तेज करतं. ते या कामात नकोच. डब्ल्यूडी-४० किंवा संत्र्याचं डीग्रीसर शेवटचा उपाय म्हणून चालेल, पण फक्त रंगलेल्या धातूवर, आणि थेट सायकलवर फवारायचं नाही. फडक्यावर घ्या, डागावर मिनिटभर दाबून ठेवा, मऊ झालेलं पुसून काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर आधी चाकं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. कॅलिपरमध्ये (ब्रेकच्या चिमट्यात) चाकावरची तबकडी दाबणारे पॅड असतात, तेही काढा. स्प्रेचा तुषार किती लांब जातो याचा डोळ्यांना अंदाज येत नाही.

डिस्क ब्रेक

इथे मी कडक आहे. रोटरवर, म्हणजे चाकावरच्या ब्रेकच्या धातूच्या तबकडीवर, सीलंट उडालं असेल तर ब्रेक न दाबता सायकल उभी करा. ब्रेक दाबलात की तो चीक पॅडमध्ये शिरतो. रोटर सुटा करा, वाळलेला थर प्लॅस्टिकच्या कडेने उचला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अजून कशालाही न वापरलेलं फडकं. फडक्याची बाजू बदलत राहा, काळं यायचं थांबेपर्यंत. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट यासाठी घेऊ नका. त्यात थोडं तेल मिसळलेलं असू शकतं, आणि रोटरवर तेलाचा अंशही नको. खोबरेल लावलेल्या हाताने रोटरला स्पर्श करायचा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे हाताच्या सफाईत खोबरेल येणार आहे.

पॅडवर वरवर थेंब पडला असेल तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पॅड त्यावर हलक्या हाताने घासा आणि अल्कोहोलने पुसा. आत मुरलं असेल, ब्रेक किंचाळत असेल किंवा पकडत नसेल, तर पॅड बदला. साताऱ्यातून कासला जाणारा यवतेश्वरचा घाट चढताना खराब पॅड कळत नाहीत, उतरताना कळतात. पॅडचे पैसे वाचवायची ती जागा नाही.

टायरच्या आतलं

टायर उघडायच्या आधी हवा पूर्ण सोडा, मग दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागाकडे सगळीकडून ढकला. चीक वाळून कड रिमला चिकटलेली असेल तर तिथे कोमट साबणाचं पाणी सोडा, पाच मिनिटं थांबा, परत ढकला. लोखंडी लिव्हरने उपसायची घाई केली तर रिमची कड दबते आणि रिमच्या आतल्या, हवा अडवणाऱ्या टेपला भोक पडतं, आणि मग नवं सीलंट भरूनही हवा राहत नाही.

टायरच्या आत पातळ, एकसारखा पापुद्रा असेल तर तो सगळा काढलाच पाहिजे असं नाही. माझं मत विचाराल तर राहू द्या. काढायचे ते सुटे गोळे आणि लोंबणारे पदर, कारण ते आत फिरत राहतात, व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकतात आणि चाकाचा तोल घालवतात. पण टायरच्या कडेवरचा, म्हणजे बीडवरचा वाळलेला चीक मात्र कणभरही ठेवायचा नाही. टायर रिमला तिथेच टेकतं. मध्ये रबराची गाठ राहिली की हवा झिरपते.

आत थेट बोट फिरवू नका. आधी जुना सुती मोजा हातात घालून फिरवा. काटा असला की मोजा अडकतो. काट्याच्या टोकाभोवती चिकाची गाठ झालेली असते, ती दिसली की तिथे काटा आहे असं समजा आणि चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढा. मी असे सराटे काढलेत की ज्यांच्याबद्दल मालकाला पत्ताही नव्हता. सीलंटने काम चोख केलं होतं, म्हणून हवा टिकली होती.

पापुद्रा सोलायचाच असेल तर बीडजवळून सुरुवात करा. टायर उलटं वळवा, कड नखाने सुटी करा आणि ओढत न्या. चांगला वाळलेला असेल तर लांब पट्टा निघतो. तुटला की आधीच्या पट्ट्याचा गोळा करून परत उचला. आतून पॅच लावायचा असेल तर तेवढी जागा पूर्ण कोरी हवी: सोलायची, पॉलिश पेपरने खरवडायची, अल्कोहोलने पुसायची, सुकू द्यायची. चिकाच्या थरावर मारलेला पॅच चिकाबरोबर सुटून येतो.

रिममध्ये टेपवरचं सीलंट सोलताना टेपची कड उठतेय का बघा. उठली असेल, किंवा टेपखाली ओल दिसली, तर टेप काढूनच टाका. टेपखाली शिरलेलं अमोनियाचं सीलंट अ‍ॅल्युमिनियमला खातं. स्पोकच्या निपलभोवती (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटभोवती) पांढरी पूड दिसली तर तो त्याचाच मार. रिम साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, अल्कोहोलने पुसा, आणि मगच नवी टेप ताणून लावा.

व्हॉल्व्ह तुंबणं ही नेहमीची तक्रार. व्हॉल्व्हच्या आतला सुटा होणारा भाग, म्हणजे कोअर, काढायची छोटी किल्ली मिळते, तिने कोअर काढा. कोअरवरचा चीक बोटांनी चोळून निघतो. व्हॉल्व्हच्या नळीत जाड सुई किंवा स्पोकचा तुकडा आतल्या बाजूने बाहेर ढकला म्हणजे बुच टायरमध्ये न पडता बाहेर येतं. कोअर फारच गच्च झालं असेल तर नवं घाला, ते स्वस्त असतं. हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या अर्ध्यात ठेवून मिनिटभर थांबायची सवय लावली, तर आतलं सीलंट खाली उतरतं आणि व्हॉल्व्ह इतका लवकर तुंबत नाही. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांड्याने हवा भरत असाल तर त्या गार झोताने आणि वायूने चिकाचं सीलंट लवकर साकळतं. घरी आल्यावर ती हवा सोडून पंपाने भरा.

चेन आणि कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) उडालेलं सीलंट ही एकच जागा, जिथे घाई नको आणि फारशी काळजीही नको. तिथे तेल असतंच, त्यामुळे चीक नीट चिकटत नाही. टूथब्रश आणि डीग्रीसरने निघतं. चाकाच्या बेअरिंगवर आणि फोर्कच्या सीलवर जोराच्या पाण्याचा पाइप धरू नका, एवढंच.

मोटारसायकल आणि स्कूटरचं

पंक्चरच्या दुकानात ट्यूबलेस टायरमध्ये जे रंगीत जेल भरतात, ते बरेचदा ग्लायकॉलमध्ये तंतू मिसळून केलेलं असतं, त्यात चीक नसतो. ते पाण्याने निघतं. वाळलं असेल तर कोमट पाण्यात लिक्विड घालून ओलं फडकं १०-१५ मिनिटं ठेवा, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. सोलायला जाऊ नका, ते सोललं जात नाही. तंतू रिमच्या खाचेत राहतात, ते काडीने काढा. लोखंडी रिम असेल तर धुतल्यावर लगेच पुसून कोरडी करा. आणि टायर उघडायला देताना पंक्चरवाल्या दादांना आधी सांगा की आत जेल आहे. रस्त्याकडेला फवारायचे फेसाचे डबे वापरले असतील तर नक्की सांगा. काही डब्यांत पेट घेणारा वायू असतो, आणि टायर उघडताना जवळ बिडी किंवा स्टोव्ह असणं धोक्याचं आहे.

हातावरचं आणि केसांतलं

फणस चिरायला बसलं की आमच्याकडे आधी हाताला आणि विळीला खोबरेल लावतात, म्हणजे चीक चिकटत नाही. सीलंटचं काम सुरू करायच्या आधी मी तेच करते: तळहात, बोटांच्या फटी, नखांच्या कडा आणि मनगटावरच्या लवेवर अगदी पुसट खोबरेल. त्यावर नायट्रिलचे हातमोजे. लेटेक्सचे पातळ हातमोजे तेलाने कमकुवत होतात, ते घेऊ नका. टेप लावायची किंवा रोटरला हात लावायचा असेल तेव्हा हातमोजे बदलायचे, नाहीतर तेलाचे ठसे नको तिथे उमटतात.

तरी लागलंच, तर ओलं असताना साबण आणि साधं पाणी. वाळलं असेल तर पूर्ण वाळू द्या आणि दुसऱ्या तळहाताने चोळा. वळ्या होऊन झडतात. जिथे लव आहे तिथे ओढू नका, दुखतं आणि केस उपटले जातात. तिथे भरपूर खोबरेल लावा, १५-२० मिनिटं सोडून द्या. तेल रबरात हळूहळू शिरतं, थर लिबलिबीत होतो आणि केसांवरून घसरतो. मग जुन्या सुती फडक्याने केसांच्या दिशेने पुसा आणि साबणाने धुवा. राहिलं तर परत तेल. नखांच्या कडेत बसलेल्यासाठी तेलात भिजवलेला कापूस बांधून ठेवा, नंतर लाकडी काडी.

डोक्याच्या केसांत उडालं असेल तर पाणी मारू नका आणि विंचरू नका. तो गुंता आधी बोटांनी बाकीच्या केसांपासून वेगळा करा, खोबरेलात चिंब भिजवा, अर्धा तास थांबा, मग रुंद दाताच्या फणीने टोकाकडून वर यायचं. आमच्याकडे एक शाळकरी मुलगी वेणीभर सीलंट घेऊन आली होती, आईने कात्री काढलीच होती. मी म्हटलं, "वहिनी, थांबा जरा, तेलाने निघेल." निघालं. कापावी लागली ती फक्त टोकाची एक बट.

रॉकेल, पेट्रोल, थिनर कातडीवर कधीही नाही. ते कातडीतली नैसर्गिक चरबी ओढून घेतात, हात कोरडे पडतात, चिरा पडतात, खाज सुटते. वर्षानुवर्षं रॉकेलने हात धुणाऱ्या जुन्या मेकॅनिकांच्या तळहातावर ते लिहिलेलं दिसतं. त्यांनाही मी खोबरेलच सुचवते. त्यातले बरेच जण आता तेच वापरतात.

जखमेवर सीलंट लागलं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, पापुद्रा जखमेवर राहू देऊ नका. डोळ्यात उडालं तर चोळू नका. लगेच पापणी उघडी धरून किमान १५ मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली डोळा धरा, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर धुता धुताच काढा, आणि थेट डॉक्टरांकडे जा, आग कमी झाली तरी. अमोनिया अल्कली आहे आणि तो डोळ्यात खोल जातो. म्हणूनच टायर उघडताना आणि पंपाने जोरात कड बसवताना मी चष्मा घालते. हवा भरताना टायर एकदम सुटलं की सीलंट चेहऱ्याच्या उंचीला उडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही लोकांना रबराच्या चिकातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते. फुगा फुगवताना ओठ सुजणं, रबरी हातमोज्यांनी अंगावर गांधी उठणं, ही तिची लक्षणं. यातल्या काहींना केळं, किवी, अव्होकाडो खाल्ल्यावरही तोंडात खाज सुटते. दवाखान्यात काम करणाऱ्यांमध्ये आणि ज्यांची लहानपणापासून पुष्कळ ऑपरेशनं झाली आहेत त्यांच्यामध्ये ही अ‍ॅलर्जी जास्त दिसते. तुम्ही यातले असाल तर चिकाच्या सीलंटची सफाई स्वतः करू नका, दुसऱ्याला करू द्या, आणि पुढच्या वेळी बाटलीवर लेटेक्स-फ्री लिहिलेलं सीलंट घ्या. सीलंट लागल्यावर श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली, चक्कर आली, तर वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना. साधी लाली आणि आग मात्र अमोनियाने किंवा टिकवणाऱ्या रसायनांनीही होऊ शकते. ती धुतल्यावर उतरते. उतरली नाही किंवा दुसऱ्या दिवशी पुरळ वाढलं तर डॉक्टरांना दाखवा आणि बाटली सोबत घेऊन जा.

कपडे, फरशी आणि उरलेलं

कपड्यांच्या बाबतीत मी खोटी आशा दाखवत नाही. ओलं असेल तर थंड पाणी आणि साबण, तिथल्या तिथे. वाळलं असेल तर कपडा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, थर जरा कडक झाला की खरवडा. धाग्यांच्या आत शिरलेलं रबर निघत नाही. सीलंटच्या कामाला जुना शर्ट, हे एकच खरं उत्तर. वाळलेल्या डागावर इस्त्री फिरवू नका, रबर इस्त्रीला चिकटतं आणि मग पुढच्या कपड्याला.

गुळगुळीत फरशीवरचं थेट सोलून निघतं. शहाबादी फरशीच्या खरबरीत पृष्ठभागावर वाफारा आणि नायलॉनचा ब्रश. अंगणातल्या सिमेंटवर जुनी गोणपाट टाकूनच टायर उघडा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

टायरमधून निघालेलं ओलं जुनं सीलंट मोरीत ओतू नका. ते पाइपात साकळतं आणि केसांना, कचऱ्याला धरून बुच करतं. एखाद्या पसरट जुन्या डब्यात पातळ थर करून उन्हात ठेवा. वाळलं की चपातीसारखं निघतं, सोललेल्या गोळ्यांबरोबर कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. ग्लायकॉलचं जेल असं वाळत नाही. ते लाकडाच्या भुशात किंवा जुन्या चिंध्यांत शोषून घ्या. काहींमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यांच्या किडनीला ते विष आहे. भुसा जाड पिशवीत भरा, तोंड गाठ मारून घट्ट बांधा, आणि घंटागाडी येईपर्यंत उंचावर ठेवा.